बजेटच्या भाषणावर लोक काय म्हणतात, हे फोनवरून खरंच कळतं का?

शुक्रवार, २८ जून २०२४. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला. पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’, वर्षाला तीन गॅस सिलिंडर मोफत, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज, वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये, अशा घोषणा एकामागोमाग एक झाल्या. भाषण संपायच्या आतच फोनवर निकाल यायला लागले होते. कुठे ‘जनतेकडून जोरदार स्वागत’, कुठे ‘सोशल मीडियावर संताप’. दोन्हींच्या खाली आकडे होते: एवढे व्ह्यूज, एवढे लाइक्स, अमुक हॅशटॅग ट्रेंडिंगला.

एकाच भाषणाबद्दल, एकाच दुपारी, दोन उलटे निकाल. आणि दोन्हीकडे आकडे खरे असू शकतात! हे कसं काय होतं, तेच आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

मी जळोचीचा. जळोची म्हणजे पूर्वीचं गाव, आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आलेलं. एका बाजूला बाजार समितीचं भाजीपाल्याचं मार्केट, जवळच एमआयडीसी, पलीकडे कॉलेजं. भाषण करणारे अर्थमंत्री इथलेच आमदार होते. शिवाय त्या भाषणाच्या २४ दिवस आधी लोकसभेचा निकाल लागला होता आणि पाच महिन्यांत विधानसभेचा लागणार होता. म्हणजे भाषणाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा प्रत्यक्ष मतं मोजली गेली. लोकांची प्रतिक्रिया कशी मोजतात आणि मोजताना कुठे घसरायला होतं, हे शिकायला बारामतीइतकी चांगली जागा नाही.

पण आधी फोनवरचे आकडे एकेक करून तपासू.

व्ह्यूज: बघितलं म्हणजे आवडलं असं नाही

२४ मार्च २०२० ला पंतप्रधानांनी लॉकडाऊन जाहीर करणारं भाषण केलं. टीव्हीवर ते १९.७ कोटी लोकांनी बघितलं, असा बार्क या संस्थेचा आकडा होता. आयपीएलच्या फायनलपेक्षाही जास्त. आता हा आकडा लोकांच्या पसंतीचा होता की काळजीचा? उद्या दुकान उघडणार का, एसटी चालणार का, पोरगं पुण्यात अडकलंय ते घरी कसं येणार, म्हणून लोक टीव्हीसमोर बसले होते. आकडा पाहणाऱ्यांचा आहे, टाळ्या वाजवणाऱ्यांचा नाही.

बार्कचं गणित तरी एका पद्धतीवर चालतं. देशभरात निवडलेल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेले असतात आणि त्यावरून अंदाज काढला जातो. फोनवरच्या व्ह्यूजचं मात्र वेगळं आहे. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या व्ह्यूजची मोजणीच बदलली. आता शॉर्ट सुरू झालं किंवा परत फिरलं की व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद बघितलं पाहिजे अशी अट नाही. म्हणजे तुम्ही बोट वर सरकवताना भाषणाची क्लिप क्षणभर चालू झाली, तरी तुम्ही ‘भाषण पाहिलेले प्रेक्षक’ झालात. त्यामुळे या बदलाच्या आधीच्या भाषणाच्या क्लिपचे व्ह्यूज आणि नंतरच्या भाषणाच्या क्लिपचे व्ह्यूज शेजारी ठेवून ‘लोकप्रियता वाढली’ म्हणणं चुकीचं. मापच बदललंय.

लाइक आणि डिसलाइक: अंगठा कोणाचा?

३० ऑगस्ट २०२० चं ‘मन की बात’ आठवतंय का? भाजपच्या यूट्यूब चॅनलवरच्या त्या व्हिडिओला लाइक्सपेक्षा डिसलाइक्स कितीतरी जास्त पडले. तेव्हा कोरोनाच्या काळात जेईई आणि नीट परीक्षा घेण्यावरून विद्यार्थी चिडलेले होते. एका बाजूने म्हटलं गेलं, ‘बघा, तरुण नाराज आहेत.’ भाजपच्या आयटी सेलचे प्रमुख अमित मालवीय यांचं म्हणणं होतं की यातले फक्त २ टक्के डिसलाइक्स भारतातून आलेत, बाकी बाहेरचे.

कोण खरं? बाहेरून बघणाऱ्याला हे तपासायची सोयच नाही. अंगठा कोणी दाबला, तो कुठे राहतो, त्याने व्हिडिओ बघितला का, हे आपल्याला दिसत नाही. विद्यार्थ्यांचा राग खरा होता, तो परीक्षा देणाऱ्या कोणालाही विचारला तरी कळला असता. पण तो राग देशातल्या किती टक्के लोकांचा होता, हे त्या अंगठ्यांवरून काढता येत नव्हतं. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने डिसलाइकचा आकडा लोकांना दाखवणंच बंद केलं. आता नुसते लाइक्स दिसतात. ज्या तराजूचं एकच पारडं दिसतं, त्यावरून वजन कसं सांगणार?

ट्रेंडिंग: वेग मोजतात, गर्दी नाही

एक्सवर ट्रेंड दिसला की वाटतं, अख्खा महाराष्ट्र यावरच बोलतोय. पण ट्रेंडची यादी एखाद्या विषयावर एकूण किती लोक बोलले यावर बनत नाही, थोड्या वेळात बोलणं किती झपाट्याने वाढलं यावर बनते. रोज हजारो लोक ज्यावर बोलतात तो विषय ट्रेंडमध्ये येणार नाही. ठरवून एकाच वेळी पोस्ट टाकणारी काही शे अकाउंट्स मात्र नवा हॅशटॅग वर ढकलू शकतात. भाषणाची तारीख आधीपासून माहीत असते, त्यामुळे तयारीला वेळही भरपूर मिळतो. ‘दुपारी २ वाजता हा हॅशटॅग वापरा’ असे मेसेज तुमच्याही एखाद्या ग्रुपवर आले असतील.

कांद्याचे भाव दिवसेंदिवस पडत राहिले, तर त्याचा ट्रेंड होत नाही. मार्केटमधल्या शेतकऱ्याचं रोजचं बोलणं ट्रेंडच्या हिशोबात फार जुनं असतं.

पोल: पातेलं ढवळलंय का?

आता येऊ सगळ्यांच्या आवडत्या गोष्टीकडे. ‘बजेट कसं वाटलं? चांगलं / ठीक / वाईट.’ न्यूज चॅनल विचारतं, इन्स्टाग्रामवरचा इन्फ्लुएन्सर विचारतो आणि व्हॉट्सॲपवर पोलची सोय आल्यापासून गावातला प्रत्येक ग्रुप विचारतो. खाली ‘५२ हजार जणांनी मत दिलं’ असं लिहिलं की आपण म्हणतो, वा, मोठा सर्व्हे आहे.

आकडा मोठा असला की सर्व्हे भारी, हा समज १९३६ मध्येच अमेरिकेत आपटला होता. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना कार्डं पाठवली. २० लाखांहून जास्त परत आली. निष्कर्ष निघाला, लँडन जिंकणार, ५७ टक्के मतं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ६१ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले, ४८ पैकी ४६ राज्यं त्यांची. चूक कुठे झाली? नावं घेतली होती टेलिफोन डिरेक्टरी, गाड्यांची नोंदणी अशा याद्यांतून. मंदीच्या काळात फोन आणि गाडी बाळगणारा माणूस कोण असणार? वर, कार्ड भरून परत पाठवण्याची तसदी घेणारे लोक आणखी वेगळे. जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीत सुमारे ५० हजार लोकांच्या सर्व्हेवर विजेता बरोबर सांगितला.

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. म्हण शंभर टक्के बरोबर आहे, फक्त एक अट आहे. भात सगळीकडे सारखा शिजलेला पाहिजे, नाहीतर शितं पातेल्याच्या वेगवेगळ्या भागांतून घेतली पाहिजेत. वरचं वरचं शीत घेतलं तर तळाला करपलेलं कळणार नाही, मग तुम्ही एक घ्या नाहीतर दहा हजार घ्या.

शितं नीट निवडली असतील तर किती पुरतात? एक सोपा हिशोब लक्षात ठेवा. १०० ला लोकांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. १०० लोक विचारले तर चूक साधारण १० टक्के इकडेतिकडे. ४०० लोक, तर ५ टक्के. १,००० लोक, तर ३ टक्के. १०,००० लोक, तर १ टक्का. म्हणून नीट निवडलेले हजार लोक जे सांगतात, ते आपणहून बटण दाबणारे ५२ हजार लोक सांगू शकत नाहीत. हा हिशोब चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या लोकांनाच लागू होतो. व्हॉट्सॲप पोलला तो लावायला जाऊ नका, त्याला कुठलंही गणित वाचवू शकत नाही.

जळोचीत हे करून बघायचं म्हटलं तर चार ठिकाणी उभं राहा. पहाटे भाजी मार्केटमध्ये, शिफ्ट सुटताना एमआयडीसीत, अकराच्या सुमाराला कॉलेजच्या कँटीनमध्ये आणि भर दुपारी घरांच्या ओट्यावर. पहिल्या ठिकाणी शेतीपंपाची वीज आणि मालाचा भाव निघेल, दुसऱ्या ठिकाणी कंत्राटी नोकरी, तिसऱ्या ठिकाणी भरती आणि फी, चौथ्या ठिकाणी सिलिंडर आणि दीड हजार. भाषण एकच, गाव एकच. कुठे उभे राहिलात, यावर उत्तर ठरलं. म्हणून नीट काम करणाऱ्या संस्था, उदाहरणार्थ दिल्लीच्या सीएसडीएसचा लोकनीती विभाग, आधी मतदान केंद्रं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात, मग त्या केंद्राच्या मतदार यादीतून ठराविक अंतराने नावं निवडतात आणि त्याच माणसाच्या दारात जातात. तो घरी नसला म्हणून शेजाऱ्याला विचारून मोकळं व्हायचं, असं चालत नाही.

एआयने कमेंट वाचल्या तर?

‘आमच्या एआयने दोन लाख कमेंट तपासल्या, ६८ टक्के सकारात्मक.’ अशा छापाच्या पोस्ट आता वाढल्या आहेत. (हा ६८ मी उदाहरणासाठी घेतलाय.) याला सेंटिमेंट ॲनालिसिस म्हणतात. लोकांनी आधी हजारो वाक्यांवर ‘चांगलं, वाईट, तटस्थ’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. त्यावरून मॉडेल शिकतं आणि नव्या वाक्यावर स्वतः चिठ्ठी लावतं.

मराठीत हे काम झालेलं आहे आणि ते पुण्यातच झालंय. एल३क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विट्सचा असा साठा तयार करून सगळ्यांसाठी खुला केला. मराठीसाठी ही मोठीच गोष्ट. पण ती ट्विट्स महाराष्ट्रातल्या नामवंत व्यक्तींच्या अकाउंट्सवरून घेतली होती. त्यांची भाषा आणि यूट्यूबच्या कमेंटमधली भाषा यात फरक असणारच. आता ही वाक्यं बघा:

‘वा दादा, लईच भारी बजेट. आता काय, सोन्याचा धूर निघणार.’

‘दीड हजार आलं, पण तेलाचा डबा कितीला झालाय ते पण सांगा.’

‘काय बोलायचं आता.’

ही मी बनवलेली वाक्यं आहेत, पण अशा कमेंट तुम्ही रोज वाचता. पहिल्यात एकही वाईट शब्द नाही, तरी ते कौतुक नाही. दुसऱ्यात घेतल्याचं समाधानही आहे आणि तक्रारही. तिसऱ्यात काहीच नाही आणि सगळं आहे. त्यात अर्धे लोक मराठी रोमन अक्षरांत लिहितात, प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. नवी मॉडेल्स हे जास्त चांगलं ओळखतात, टोमणाही बऱ्याचदा पकडतात. पण मॉडेल कितीही हुशार झालं तरी ज्याने कमेंटच केली नाही, त्याचं मन ते वाचू शकत नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. दीड हजारांची घोषणा ज्यांच्यासाठी होती, त्या बायकांपैकी कमेंट करणाऱ्या किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या महिलांचं प्रमाण देशात ५४ टक्के होतं, महाराष्ट्रातही जवळपास तेवढंच. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या महिला राज्यात सुमारे ३८ टक्के. त्यानंतर हे आकडे वाढलेच असणार. तरी फोन असणं, त्यात डेटा असणं, आणि नेत्याच्या व्हिडिओखाली स्वतःच्या नावाने कमेंट टाकणं, या तीन पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर आपल्या घरातलं कोण पोचतं, हे तुम्हीच आठवून बघा. ज्या दिवशी भाषण झालं, त्याच दिवशी देहूहून तुकोबांची पालखी निघाली होती. आठवडाभराने ती बारामतीत आली. दिंडीच्या २० हजारांबद्दल ज्यांना विचारायला हवं होतं, ते लोक त्या वेळी चालत होते.

टीव्हीवरचा झटपट सर्व्हे

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष दरवर्षी संसदेपुढे धोरणाचं भाषण करतात. तिथे मोजणीची परंपराच आहे. काही लोकांच्या हातात फिरवायची खुंटी देतात, वाक्य आवडलं की उजवीकडे, नाही आवडलं की डावीकडे. भाषण संपल्याबरोबर सीएनएन वाहिनी भाषण पाहिलेल्या लोकांचा सर्व्हे घेते. ७ मार्च २०२४ ला बायडेन यांच्या भाषणानंतर पाहणाऱ्यांपैकी साधारण ६५ टक्के लोकांची प्रतिक्रिया चांगली होती. त्याच सुमाराला त्यांच्या एकूण कामाबद्दल समाधानी असलेल्यांचं प्रमाण गॅलपच्या मोजणीत ४० टक्क्यांच्या आसपास होतं.

दोन्ही आकडे खरे. राष्ट्राध्यक्षांचं भाषण रात्री तासभर बसून बघणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे लोक जास्त असतात. सीएनएन स्वतःच हे बातमीत सांगते. आपल्याकडे ‘भाषण ऐकलेल्यांना आवडलं’ अशी बातमी आली, तर हीच शंका आधी घ्यायची: ऐकायला बसलं कोण होतं?

बारामतीचे दोन निकाल

आता आपल्या खऱ्या उदाहरणाकडे.

४ जून २०२४ ला लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा १,५८,३३३ मतांनी पराभव केला. त्यात एकट्या बारामती विधानसभा क्षेत्रात सुळे यांना साधारण ४८ हजारांची आघाडी होती. २८ जूनला ते भाषण झालं. ऑगस्टच्या मध्याला, रक्षाबंधनाच्या तोंडावर, दोन महिन्यांचे ३,००० रुपये खात्यांत यायला लागले. २० नोव्हेंबरला मतदान झालं आणि २३ ला निकाल आला: त्याच बारामतीत अजित पवार यांना १,८१,१३२ मतं, युगेंद्र पवार यांना ८०,२३३. फरक १,००,८९९.

साधारण ४८ हजारांनी मागे असलेली बाजू पाच महिन्यांत लाखाने पुढे. म्हणजे जवळजवळ दीड लाखाचा फेर. आधी एक बारीक गोष्ट: दीड लाखाचा फेर म्हणजे दीड लाख माणसं फिरली असं नाही. एका माणसाने बाजू बदलली की इकडचं एक कमी होतं आणि तिकडचं एक वाढतं, फरक दोनने बदलतो. एकूण मतदान सारखंच धरलं तर साधारण ७५ हजार लोकांचा हा खेळ. हा आकडाही काही लहान नाही.

मग हा भाषणाचा परिणाम म्हणायचा का? मोह खूप होतो. राज्यात लोकसभेला महायुतीच्या ४८ पैकी १७ जागा आल्या होत्या, विधानसभेला भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी मिळून २८८ पैकी २३० आल्या. महिलांचं मतदान २०१९ च्या सुमारे ५९ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांच्या वर गेलं. शेजारच्या इंदापुरातही लोकसभेला सुळे पुढे होत्या आणि विधानसभेला अजित पवारांच्या पक्षाचे दत्तात्रय भरणे निवडून आले. सगळे बाण एकाच दिशेला दिसतात.

पण बारामतीत ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ हे वाक्य चहाच्या टपरीवरच्या माणसालाही पाठ होतं. म्हणजे बरेच लोक दोन निवडणुकांत दोन वेगळी मतं आधीपासूनच ठरवून बसले होते, भाषण होवो न होवो. उमेदवार वेगळे, पद वेगळं, प्रश्न वेगळा. इंदापुरात तर लढतही तिरंगी होती. जूनचा आणि नोव्हेंबरचा आकडा एकमेकांतून वजा केला की त्यात भाषण येतं, दीड हजार येतात, उमेदवार येतो, प्रचार येतो, जातीपातीची गणितं येतात, सहानुभूतीही येते. वजाबाकीला हे वेगळं करता येत नाही.

औषधाचा परिणाम बघायचा तर काही रुग्णांना औषध देतात, काहींना देत नाहीत आणि मग तुलना करतात. इथे योजना सगळ्या राज्यात एकाच वेळी लागू झाली. ‘औषध न दिलेलं’ गावच शिल्लक नाही, जळोची नाही आणि गडचिरोलीही नाही. मग उरतो एकच बरा मार्ग: त्याच लोकांना भाषणाआधी विचारायचं आणि नंतर परत विचारायचं, आणि ज्या घरात पैसे आले आणि ज्या घरात आले नाहीत त्यांची तुलना करायची. हे खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, आणि त्याचं उत्तर भाषणाच्या संध्याकाळी तर मिळतच नाही. म्हणून फोनवर ते सहसा दिसत नाही.

अर्ज भरणं ही प्रतिक्रिया की गरज?

भाषणानंतरच्या दिवसांत खरी हालचाल कुठे दिसली? तलाठी कार्यालयाबाहेरच्या आणि सेतू केंद्रांवरच्या रांगांत. ‘नारी शक्ती दूत’ ॲपवर आणि नंतर वेबसाइटवर अर्ज भरले गेले. ऑगस्ट उजाडेपर्यंत राज्यात एक कोटीहून जास्त अर्ज आले होते. हॅशटॅगपेक्षा हा आकडा कितीतरी पक्का आहे, कारण अर्जासाठी आधार आणि बँक खातं लागत होतं.

तरी यालाही ‘पसंती’ म्हणताना थांबायला हवं. रेशन घेणारा प्रत्येक माणूस सरकारवर खूश असतो का? बाई पैसे घेईल, तिला ते हवेही असतील, आणि मत दुसऱ्याला देईल. किंवा पैसे न मिळताही देईल. अर्जातून गरज मोजली जाते. गरज आणि समाधान हे दोन वेगळे रकाने आहेत.

१० मार्च २०२५ च्या भाषणात हे परत दिसलं. निवडणुकीआधी महायुतीने दीड हजाराचे २,१०० करू असं आश्वासन दिलं होतं. त्या भाषणात २,१०० ची घोषणा झाली नाही. योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती, २०२४ च्या भाषणात वर्षाला ४६ हजार कोटी असा अंदाज सांगितला होता. कमेंटमध्ये ‘२,१०० कधी’ दिसत होतं, विरोधकही तेच विचारत होते. पण ज्या बाईचा हप्ता थांबला, तिने सहसा कमेंट केली नाही. ती बँकेत गेली, पासबुक भरून घेतलं आणि अंगणवाडी सेविकेला विचारून आली. तिची प्रतिक्रिया कुठल्याच डॅशबोर्डवर नोंदली जात नाही.

मग आपण काय करायचं?

पुढच्या भाषणाला ‘जनतेचा कौल’ सांगणारी पोस्ट आली की शेअर करण्याआधी एवढं विचारा:

१. कोणाला विचारलं? लोक निवडले होते की आपणहून आले होते? हे लिहिलेलंच नसेल तर तो सर्व्हे समजू नका.

२. ज्याच्यासाठी घोषणा होती, तो माणूस यात आहे का? महिलांच्या योजनेवर पुरुषांनीच भरलेल्या ग्रुपचा पोल असेल तर तो कशाचा पोल आहे?

३. कधी विचारलं? भाषणाच्या संध्याकाळी लोक घोषणेवर बोलतात, सहा महिन्यांनी अनुभवावर.

४. प्रश्न काय होता? ‘महिलांना मदत मिळावी का?’ आणि ‘कर्ज काढून मदत द्यावी का?’ यांची उत्तरं वेगळी येतात. दोन्ही प्रश्न एकाच योजनेबद्दल असू शकतात.

५. विचारणारा कोण? पक्षाचा गमछा गळ्यात घालून कोणी दारात आलं, तर बारामतीत काय, कुठेही माणूस सावधच बोलतो. म्हणून लोकनीतीसारख्या सर्व्हेत मताचा प्रश्न तोंडी विचारत नाहीत, खोटी मतपत्रिका देऊन डब्यात टाकायला सांगतात.

आणि सहावी गोष्ट तुमच्या स्वतःच्या सुरक्षेची. ‘योजनेबद्दल मत द्या’ म्हणून लिंक येते आणि पुढे आधार नंबर, बँक खातं, ओटीपी मागते. मत द्यायला ओटीपी लागत नाही. अशी लिंक दिसली की बंद करा आणि घरातल्यांनाही सांगा. पक्षांकडूनही हे होतं. सर्व्हेच्या नावाखाली मतदारांची नावं आणि नंबर घेऊन निवडणुकीनंतरच्या योजनांसाठी नोंदणी करणं थांबवा, असं निवडणूक आयोगाला २ मे २०२४ ला सगळ्या पक्षांना बजावावं लागलं होतं. ज्याला तुम्ही सर्व्हे समजता, तो कधीकधी तुमच्या नंबरचा बाजार असतो.

हे सगळं इतक्या बारकाईने का बघायचं, तर हे आकडे नुसते बातमीसाठी नसतात. पुढच्या वर्षी कुठली घोषणा चालू ठेवायची, कुठली कापायची, कशावर गप्प बसायचं, हे ठरवताना सत्तेतले आणि विरोधातले, दोघंही या ‘प्रतिक्रिया’ बघतात. फोनवर जो मोठ्याने बोलतो, त्याच्यासाठी भाषण लिहिलं जायला लागलं, तर भाजी मार्केटमधल्या माणसाचा आणि हप्त्याची वाट बघणाऱ्या बाईचा आवाज आणखी मागे जाईल. तो माणूस, ती बाई आपल्याच घरातली आहे.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये भाषण झालं की हॅशटॅग बघायच्या आधी घरात एक प्रश्न विचारा: ‘गेल्या वर्षी सांगितलं होतं, त्यातलं आपल्याला काय मिळालं?’ हजार लोकांच्या सर्व्हेची सर त्याला येणार नाही. पण ज्या माणसाला आजवर कोणीच विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं असेल.